उरलेली चार मिनिटं

कॅसेट संपत आली की तिच्या आवाजात एक दमणूक उतरते. गाणं थांबलेलं असतं, वाद्यं मूक झालेली असतात, आणि मागे उरते ती नुसती एक बारीक, अखंड सरसर. वाळल्या तुरीच्या शेंगांमधून वारा जावा तशी. दिवसभर चालून आलेल्या माणसानं उंबऱ्यावर टेकून सोडलेला तो श्वास असतो. मला तो फार आवडतो. खरं सांगायचं तर आताशा गाण्यांपेक्षा तोच अधिक आवडतो. पन्नाशी ओलांडली, गुडघे बोलू लागले, डाव्या कानानं अर्धी रजा टाकली, की माणसाला संगीतातही विश्रांतीच्याच जागा दिसू लागतात. पण ज्या सरसरीच्या भरवशावर मी इतकी वर्षं डोळे मिटून पडत आलो, तिनंच गेल्या उन्हाळ्यात नांदेडला मला भरसभेत तोंडघशी पाडलं, आणि ती फजिती तुम्हाला सांगितल्यावाचून माझ्यानं राहवत नाही.

त्याचं असं झालं. नांदेडला माझा एक बालमित्र डॉक्टर आहे. आम्ही दोघंही मूळचे उदगीरचे, एकाच बाकावरचे. तो हुशार निघाला आणि मी भूगोलाचा मास्तर होऊन लातुरात रुजलो. त्याच्या दवाखान्याच्या माडीवर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पंधरावीस श्रवणभक्त जमतात. कुणी एक जण आपल्या आवडीचं संगीत ऐकवतो, चार शब्द बोलतो, मग सगळ्यांनी मिळून सुशिला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा नाश्ता, खायचा, चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घरी जायचं. त्या खेपेला त्यानं मला गळ घातली, ‘मास्तर, तुझी ती गिटारवाल्यांची गाणी ऐकव. कुणाला फारसे ठाऊक नाहीत, पण ऐकायलाच पाहिजेत, असे आल्बम काढ.’ आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं आठवीच्या पोरांना खारे वारे आणि मतलई वारे समजावून सांगणाऱ्या माणसाला कुणी आपण होऊन ‘बोल’ म्हटलं, तर तो थांबेल काय?

मी महिनाभर तयारी केली. दहा आल्बम निवडले. त्यांची नावं इथे देत नाही. नावं ठासून सांगण्याची हौस त्या दिवशी पुरती फिटली. पण ते कसे आहेत हे सांगायला काय हरकत आहे? एकात एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस आहे. त्याच्यापाशी एक गिटार आहे आणि पायात एक जाड टाचेचा बूट, बाकी काही नाही. ती टाच लाकडी फळीवर आपटत तो कापसाच्या शेतांची गाणी म्हणतो, आणि सातासमुद्रापलीकडचा तो कापूस ऐकताना मला भोकरकडच्या वेचणीला वाकलेल्या बायकांची ओळ दिसते. बोटांवर बोंडांचे ओरखडे, कमरेच्या ओटीत पांढरंशुभ्र ओझं, आणि ओठांवर काम कधी संपेल याचं गाणं. दुसऱ्या आल्बमात एक बाई आहे. ती कुणावर तरी रागावली आहे. तो माणूस निघून गेला तरी तिचा राग स्वयंपाकघरात भांडी आपटत मागे राहिला आहे. तिसऱ्यात विजेची गिटार सलग बारा मिनिटं वाजते. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, पत्र्याच्या छपरावर कुणी पोत्यानं गारा ओततंय; दहाव्यांदा ऐकताना कळतं की त्या गारांनाही ताल आहे, लय आहे, आणि कुठेतरी खोल एक जुनं अंगाईगीतही आहे. या संगीताला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांची मला कीव येते. भुईमुगाचं रोप वरून पाहून कुणाला कधी शेंगा दिसल्या आहेत का? त्या कर्कश तारांच्या खाली शेतावरची, प्रार्थनाघरातली, नदीच्या धक्क्यावर ओझी वाहणाऱ्यांची गाणी मातीत लपलेली असतात. उपटून पाहिल्याशिवाय ती दिसत नाहीत. (हे उपटून पाहणं इतकं साधं नसतं, हे मला पुढे कळायचं होतं.)

आणि दहावा आल्बम! तो माझा लाडका. दमलेल्या माणसांचा आल्बम असंच मी त्याला मनातल्या मनात म्हणतो. त्याच्या कव्हरावर एका गोदामासमोर पाच दाढीवाले उभे आहेत. इंग्रजी कपडे उतरवले तर उदगीरच्या मोंढ्यातले हमाल म्हणून सहज खपावेत. नऊ गाणी ते थकल्या, खर्जातल्या आवाजात गातात. कुणीही कुणाला जिंकत नाही, कुणी कुणाला मिळवत नाही. नुसतं चालणं, ओझं उतरवणं, पुन्हा उचलणं. माझ्या कॅसेटवर नववं गाणं संपतं, तीन श्वासांची ती सरसर येते, आणि मग अकस्मात, कोणतंही वाद्य नसताना, दगडावर दगड फिरल्याची घरघर सुरू होते. जातं! आणि त्या घरघरीवर एका बाईचा उघडा, अनलंकृत स्वर दखनी बोलीत गाऊ लागतो: ‘चक्की फिरती गरगर गे माँ, मैं फिरूँ तो किधर? जवारी का हुआ आटा गे माँ, मेरा हुआ किधर?’ जातं गरगर फिरतंय, मी कुठं फिरू. ज्वारीचं पीठ झालं, माझं काय झालं. चार मिनिटं, बस्स. आणि कॅसेट खटकन थांबते.

या दहाव्या गाण्याविषयी मी पस्तीस वर्षांत एक सिद्धांत रचला होता. ते पाच दाढीवाले मुळांच्या शोधात जग हिंडले असणार, हैदराबादेत उतरले असणार, तिथून आपल्या भागातल्या कुठल्याशा अंगणात ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन बसले असणार आणि स्वतःचा आवाज बंद करून त्यांनी शेवटचा शब्द आपल्या एका माउलीला दिला असणार! नांदेडच्या त्या माडीवर, कूलरच्या ओल्या वाऱ्यात, मी हे सारं सांगितलं. वर हेही सांगितलं की ‘ही केवळ संगीताची नव्हे, तर मानवी वेदनेची भूगर्भीय एकात्मता होय.’ मग ते गाणं वाजवलं. नीट ऐकू यावं म्हणून कुणीतरी कूलर बंद केला. मीही माझ्यावर प्रसन्न झालो.

पुढच्या रांगेत एक दंतवैद्य बाई बसल्या होत्या. त्या अतिशय सौजन्यानं, म्हणजे दात उपटण्याआधी ज्या सौजन्यानं बोलतात तेवढ्याच सौजन्यानं, म्हणाल्या, ‘सर, गाणं फार सुंदर आहे. पण मी मोबाईलवर बघतेय, या आल्बमात नऊच गाणी आहेत.’

मी म्हणालो, ‘मोबाईलवर अपुरी माहिती असते.’

‘बँडनं स्वतःच टाकलीय सर. आणि भारतात ते कधी आलेच नाहीत असंही म्हणतात एका मुलाखतीत.’

डॉक्टर तोवर खुर्चीत पुढे सरकला होता. त्यानं विचारलं, ‘मास्तर, ही कॅसेट तू कुणाकडनं भरून घेतली होती?’ आणि माझं उत्तर यायच्या आतच तो मांडीवर थाप मारून इतका हसला की खालून कंपाउंडर धावत वर आला.

कॅसेट भरून घेणं! ज्यांच्या तरुणपणात हे घडलं नाही त्यांना कसं सांगू? आमच्या गावात परदेशी आल्बमची अस्सल कॅसेट मिळत नसे. स्टेशन रोडला शब्बीरभाईंचं दुकान होतं. त्यांचा आखातातला मामेभाऊ सुट्टीवर येताना पिशवीभर कॅसेटी आणायचा. आपण कोरी कॅसेट न्यायची, शब्बीरभाई तिच्यावर हवं ते भरून द्यायचे, कव्हराची झेरॉक्स आत सरकवायचे. त्यांचा धंद्याचा एक दंडक होता: गिऱ्हाइकाला कॅसेट रिकामी द्यायची नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटवर छप्पन्न मिनिटांचा आल्बम बसला, तर उरलेल्या चार मिनिटांत स्वतःच्या पसंतीचं काहीतरी भरायचंच. पिक्चरच्या कॅसेटीला आणखी एक पिक्चरचं गाणं, कव्वालीला आणखी एक कव्वाली. हा दंडक उदगीरच्या पोरासोरांना ठाऊक होता. मलाही ठाऊक होता. पण प्रेमात पडलेल्या माणसाला ठाऊक गोष्टी आठवतात कधी? मी अठरा वर्षांचा होतो, इंग्रजी निम्मंच कळत होतं, आणि गोऱ्यांनी केलेली गोष्ट ती विचारपूर्वकच केलेली असणार, यावर माझी गाढ श्रद्धा होती.

सभा हसली, मीही हसलो. अशा वेळी स्वतः आधी हसावं, म्हणजे इतरांचं हसणं थोडक्यात आटपतं. पण सुशिला खाऊन झाल्यावरही कुणी उठेना. त्या बाईंनीच म्हटलं, ‘सर, ते शेवटचं पुन्हा लावता का?’ पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. डॉक्टर गंभीर होऊन म्हणाला, ‘तुझी ती नऊच्या नऊ गाणी राहू देत. ही बाई शोध. आपण हिचं नीट काहीतरी करू, लोकांसमोर आणू. हिचा आवाज या एका कॅसेटवरच असला तर?’ आणि त्या क्षणी माझ्या पराभूत मनात एक लोभी अंकुर फुटला. चुकलेला वक्ता म्हणून नांदेडहून परत जायचं, की एका अज्ञात स्वराचा शोध लावणारा रसिक म्हणून? कुठलाही मास्तर काय निवडेल?

पुढच्या रविवारी उदगीरला निघालो. बायकोही निघाली. ती कंधारची, माझ्या या संगीताला गेली पंचवीस वर्षं ती ‘तुमचं ते कोकलणं’ म्हणत आली आहे. ‘एकटे गेलात तर तिथंबी भाषण द्याल,’ एवढंच ती म्हणाली. पिशवीत कॅसेट घेतली, जुना टेपरेकॉर्डर घेतला. आणि आदल्या दिवशी, ती भाजीला गेली असताना, मी ती चार मिनिटं मोबाईलमध्ये उतरवून घेतली होती. खबरदारी म्हणून. जुनी कॅसेट, वाटेत काही झालं तर! स्वतःला दिलेली कारणं नेहमी इतकी निर्दोष कशी असतात?

शब्बीरभाईंचं दुकान आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतं. त्यांची दाढी पिंजलेल्या कापसासारखी झालेली, पण मान तिरकी करून गिऱ्हाइकाकडे पाहण्याची लकब तीच. मी कॅसेट पुढे ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली. ‘अक्षर तर माझंच हाय,’ म्हणाले. मी म्हणालो, ‘शब्बीरभाई, हिच्या शेवटी एक बाई गाती. कोण हाय ती?’

त्यांनी आधी दुकानामागच्या घराच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘मास्तर, तुम्ही ही शेवटपर्यंत ऐकली?’

‘पस्तीस वर्षं.’

‘या अल्ला!’ ते स्टुलावर बसलेच. ‘मला वाटलं, इंग्लिशचा शौक असलेलं पोरगं हाय, चार रोजांत कटाळंल आन् वरून पिक्चरची गाणी भरून घेईल.’

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. आवाज त्यांच्या थोरल्या बहिणीचा, बिलकीस आपाचा. सासरहून एक शिलाई मशीन घेऊन ती कायमची माहेरी आली होती, त्या वर्षीची गोष्ट. लाईट गेली की पिठाची गिरणी बंद. म्हणून आपानं आईचं अडगळीतलं जातं काढलं आणि एका दुपारी दळायला बसली. शब्बीरभाई दुकानात नवा रेकॉर्डर सेलवर चालवून पाहत होते. मधलं दार उघडं होतं. गाणं जात्यावरच्या जुन्या चालीचं, शब्द तिचे स्वतःचे. त्यांनी लाल बटण दाबलं. संध्याकाळी ते ऐकत असताना आपानं पकडलं. आईच्या कबरीची शपथ घालून म्हणाली, मिटव. ‘मी मिटवलं मास्तर. तिच्यासमोर मिटवलं. पण त्याच्या आधी एक कॉपी तुमच्या कॅसेटीच्या शेवटी टाकली होती. म्हटलं, मुद्दल तर मिटवलं ना. शपथ काही मोडली न्हाई.’ मग ते म्हणाले, ‘आणि खरं सांगू? तुमच्या त्या दाढीवाल्यांचं मला एक अक्षर कळत नव्हतं. पण भरताना ऐकत होतो. त्यांच्यामागं दुसरं काही शोभलंच नसतं.’

पस्तीस वर्षांत मी जो सिद्धांत रचला, त्यातलं जे काही खरं होतं ते या माणसानं स्टुलावर बसून एका दुपारी ओळखलं होतं, आणि त्यासाठी त्याला भूगर्भाची गरज पडली नव्हती.

तेवढ्यात आतून हाक आली, ‘कौन है रे शब्बीर?’ आणि आपा दारात आल्या. लहानखुऱ्या, गळ्यात मोजपट्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शब्बीरभाई उठून उभे राहिले. साठीचा माणूस, पण पाटी फुटलेल्या पोरासारखा. म्हणाले, ‘आपा, वो चक्की का गाना... वो मिटा नै था. मास्तर के पास है.’

आपांनी गळ्यातली मोजपट्टी काढून बोटांभोवती गुंडाळली. मग एवढंच, ‘अम्माँ की कसम खाया था ना रे तू?’

‘हौ.’

अशा वेळी शहाण्या माणसानं कॅसेट पुढे करून हात जोडावेत. मी तोंड उघडलं. नांदेडच्या सभेविषयी सांगितलं, लोकांनी तीनदा ऐकलं हे सांगितलं, असा स्वर काळाच्या उदरात नाहीसा होता कामा नये, तो अमर झाला पाहिजे वगैरे सांगितलं. बायकोनं दोनदा माझा पाय दाबला. आपांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मास्तर, मेरा गाना तुम पैंतीस साल सुने. मेरे कू पूछ के सुने क्या?’

मी म्हणालो, ‘माहीत नव्हतं, आपा.’

‘अब मालूम हुआ ना,’ त्या म्हणाल्या. ‘वो मैं खुद कू गाई थी. लोगां कू नै.’ मग माझ्या बायकोकडे वळल्या, ‘बाई, ये मशीन तेरे कू चलाना आता? तू अंदर आ. ये दोनों बाहर बैठींगे.’

टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन दोघी आत गेल्या. दार लोटलं गेलं. मी आणि शब्बीरभाई दुकानाच्या पायरीवर, उन्हाच्या पट्ट्यात बसलो. थोड्या वेळानं दाराआडून ती घरघर आली, मागून तो स्वर आला. अस्पष्ट, भिंत गाळून आलेला. मला वाटतं, शब्बीरभाईंनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा असाच ऐकला असेल. गाणं संपलं. मध्येच आपा हसल्यासारख्या वाटल्या. ‘इत्ता नाक में गाती थी गे मैं?’ असं काहीसं ऐकू आलं. मग बोलणं चाललं, खूप हळू, बहुतेक आपांचंच. मग टेप मागे फिरवल्याचा किरकिराट, एक खटका, आणि शांतता.

त्या शांततेचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता. ज्यांनी कॅसेटी हाताळल्या त्यांनाच हे कळेल: तिच्यावरचं गाणं मिटवायलाही नेमका तेवढाच वेळ लागतो, जेवढा ते गायला लागतो. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं मिटत राहतं. निर्मितीला आणि विनाशाला समान काळ देणारं असं न्यायी यंत्र मनुष्यानं पुन्हा घडवलं नाही! पुढच्या यंत्रांनी ही तितिक्षा सोडून दिली. आता बोटाच्या एका स्पर्शात आयुष्याची आयुष्यं पुसली जातात, आणि पुसणाऱ्याला पश्चात्तापासाठी क्षणभरही उसंत मिळत नाही. मी त्या पायरीवर बसून ती चार मिनिटं मोजत होतो. मुळं मातीखाली असतात ती लपून बसायची म्हणून नव्हे, तिथेच त्यांचं जगणं असतं म्हणून. इतकी साधी गोष्ट, मी तर वनस्पती आणि मृदा दोन्ही शिकवतो! मग इतकी वर्षं मला काय वाटत होतं? जे जे सुंदर, ते ते माझ्या कानांसाठीच घडलं, असं? सारा रसिक-जन्म मी या एका उद्दाम समजुतीवर काढला की काय?

शब्बीरभाईंनी मान न वळवता विचारलं, ‘मास्तर, तुमच्याकडं दुसरी कॉपी न्हाई ना?’

त्यांना ‘न्हाई’ ऐकायचं होतं की ‘हाय’, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं नाही. मला अजूनही कळलेलं नाही. शर्टाच्या खिशात मोबाईल होता, छातीला टेकून. मी म्हणालो, ‘न्हाई.’

दार उघडलं. आपांनी कॅसेट माझ्या हातात दिली. ‘तुमची इंग्लिश गाणी शाबूत हायेत मास्तर. बघून घ्या,’ म्हणाल्या. या वेळी माझ्यासाठी मराठीत. चेहरा धुतल्यासारखा मोकळा होता. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा दिला, भावालाही दिला. बशी त्याच्या पुढ्यात ठेवताना जरा जोरात ठेवली इतकंच. त्या आवाजानं शब्बीरभाईंचा जीव भांड्यात पडला असावा, कारण ते पहिल्यांदाच नीट टेकून बसले.

परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली. बायको खिडकीशी जागी होती. मध्ये एकदा डोळा उघडला तेव्हा विचारलं, ‘आत काय सांगत होत्या आपा?’ तिनं बाहेर पाहत म्हटलं, ‘ते त्यांचं हाय.’ पंचवीस वर्षांच्या संसारात हिच्या पोटात माझ्यापासून लपलेली एकही गोष्ट नसेल, असं मी समजत होतो. आता एक आहे, आणि ती असावीच असं मला का कोण जाणे वाटत राहतं.

लातुरात पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गल्लीतून क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकलींची रांग चालली होती. अंग आंबून गेलं होतं, डोळ्यांत धूळ होती. बायको नळाला पाणी आलंय का पाहायला गेली, आणि मी टेपरेकॉर्डर काढून कॅसेट लावली. नववं गाणं संपलं. पुढे सरसर आली नाही. कारण टेप पुसायची म्हणजे तिच्यावर नवं भरायचं, आणि रेकॉर्डरनं त्या खोलीतलं सारं टिपून घेतलं होतं: पंख्याची करकर, बाहेर स्टेशन रोडवर रिक्षाचा एक भोंगा, मध्येच बांगड्यांचा हलका आवाज. त्या बांगड्या माझ्या ओळखीच्या आहेत, सकाळ-संध्याकाळ ऐकतो. बोलणं एक शब्दही नाही. चार मिनिटं दोन बायका एका यंत्रासमोर नुसत्या बसून होत्या, एक स्वर जात होता आणि त्या दोघी त्याच्या सोबतीला थांबल्या होत्या. आणि त्याच चार मिनिटांत, दाराच्या या बाजूला, मी ‘न्हाई’ म्हणालो होतो.

बायको आत येऊन बसली तेव्हा मी मोबाईल तिच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. ती लसणाच्या कुड्या घेऊन जमिनीवर बसली होती. हात थांबला नाही. मी म्हणालो, ‘पुसतो आता.’ पुसलं. मोबाईलनं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग त्यानं कळवलं की पुसलेली वस्तू तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात राहील, त्यानंतर आपोआप नाहीशी होईल. तोवर मन बदललं तर परत घेता येईल. हेही मी तिला प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. आता पुढचं बटण दाबून कचराही साफ करावा की नाही, अशा विचारात माझं बोट काचेवर अधांतरी राहिलं. एकदा, शेवटचं, ऐकून? हे मी तोंडानं म्हणालो नाही. पण संसारात न म्हटलेलंच आधी ऐकू जातं.

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या, पदराला हात पुसले, आणि म्हणाली, ‘पुसायचं ते फोन पुसंल आपलं आपण. आपांना सांगायला मात्र तुम्हालाच जावं लागंल. रविवारी सकाळची गाडी हाय. मी न्हाई येणार. मागच्या खेपेला मी संगं होते म्हणून त्यांनी चहा तरी दिला.’